अजून दोन नावं हवीत

शरयूताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा व्हॅनमधून उतरलं ते असं: बारा जुनी बाकं, फुकट; एक फळा, पाच पौंड; लहान मुलांच्या खुर्च्या, चर्चच्या सेलमधून, मिळून अठरा पौंड; आणि व्हॅनचं भाडं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"वहिनी, तुमचं गॅरेज रिकामं असतं ना? शाळा निघेपर्यंत ठेवू?"

"शाळा कधी निघणार?"

"लवकरच."

ते सामान आमच्याकडे चार वर्षं राहिलं.

डॉ. शरयू वर्तक यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर भूल देण्याचं काम केलं, त्याबद्दल डॉक्टर मंडळी लिहितीलच. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. शाळेच्या कमिटीची वही माझ्याकडे असते, म्हणून या गौरवग्रंथात मला लिहायला सांगितलं.

तिकडे इंग्लंडात लेस्टर-हॅरोकडच्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे उत्तर आयर्लंडात कॅथलिक मुलांची शाळा बहुतेक वेगळी, प्रोटेस्टंट मुलांची वेगळी. दोघांना एकत्र शिकवणारी नवी शाळा काढली तर सरकार पैसे देतं, पण अट अशी की पहिल्या वर्गात मुलं पुरेशी हवीत, आणि गावात जी बाजू संख्येने कमी, तिचीही पुरेशी हवीत. आपली मुलं 'इतर' या रकान्यात. एकूण आकड्यात ती धरतात, तोल साधायला चालत नाहीत. आमच्या गावात नावं कमी पडत ती प्रोटेस्टंटांची.

ड्युटी संपली की शरयूताई दारोदार जात, वही घेऊन मी मागे. एका आजोबांनी उंबऱ्यातच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही नक्की कोणत्या बाजूच्या?"

"भूल देणाऱ्या बाजूच्या. तुमच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर झोपल्यात. घोरतात अगदी सारख्या."

आजोबा खूप हसले, चहा दिला. नातवाचं नाव मात्र दिलं नाही. अशी दारं पुष्कळ झाली.

तिसऱ्या वर्षी अर्जाच्या शेवटच्या दिवशी एकच नाव कमी होतं. आमची मुक्ता तेव्हा नेमकी पहिल्या वर्गाच्या वयाची. मी म्हटलं, "मुक्तालाच प्रोटेस्टंट लिहूया. देव सगळीकडे एकच."

"वहिनी, एकादशीला पोरीच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी देणार तुम्ही. ती कोणत्या नावाने खायची तिने? मुलांना आपलं खरं सांगून एका बाकावर बसता यावं, म्हणून तर शाळा काढतोय."

माझ्या हातातलं पेन त्यांनी काढून घेतलं. अर्ज गेला नाही. पुढच्या वर्षी नावं भरली, मंजुरी आली, शाळा निघाली; पण फक्त पहिल्या वर्गाची. मुक्ता तोवर नन्सच्या शाळेत दुसरीला गेलेली. जिच्या घरात ती बाकं चार वर्षं होती, तिला त्यांवर बसायला मिळालं नाही.

मी दोन महिने ताईंशी बोलले नाही. गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, माहीत नाही. त्या दोन महिन्यांत त्या दर शनिवारी मुक्ताला पोहायला घेऊन गेल्या. बेल वाजवायच्या आणि बाहेर पावसात उभ्या राहायच्या. शेवटी मीच म्हटलं, "या आत, चहा टाकलाय."

आता त्या शाळेतली मुलं अकरा वर्षांची झाली की पुन्हा दोन वाटांनी जातात. म्हणून मोठी शाळा काढायची आहे. अट तशीच, प्रोटेस्टंटांची दोन नावं अजून कमी, वही माझ्याकडेच. माझे गुडघे गेलेत. ताई कुणाच्या दाराच्या चार पायऱ्या चढतानाही मध्ये थांबतात आणि बाग बघतोय असं दाखवतात. खरं सांगायचं तर दोघी थकलो आहोत. अमृतमहोत्सवाला काय हवं, असं इथल्या आपल्या मराठी मंडळाने विचारलं तर म्हणाल्या, "शाल नको, सात पडल्यात. दोन नावं आणा."

सांजवात लावताना मी त्यांच्यासाठी शंभर निरोगी वर्षं मागते. पण दारं देव ठोठावणार नाही. इथल्या आपल्या मंडळींनी हॉस्पिटलच्या वॉर्डात, दुकानात शेजारी काम करणाऱ्या, अकराच्या आसपासचं मूल असलेल्या प्रोटेस्टंट आईबापांना एकदा विचारावं. होय असो वा नाही, उलट टपाली मला कळवा. नाही असलं तरी कळवाच; तेवढ्या पायऱ्या ताईंच्या वाचतील.