पहारेकरी उठून बसली

दिवाळी झाली आणि बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला आणि सांगितलं, की पडदा जागेवर चिकटेपर्यंत तोंड खालीच ठेवायचं. झोपताना, जेवताना, बोलतानासुद्धा. यवतमाळला घरी आणल्यावर आम्ही समोरच्या खोलीत दिवाण ओढला, उशा रचल्या, आणि बाबा त्यांवर कपाळ टेकवून पालथे पडून राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दादा इथंच, गावाला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, घर वहिनीच्या अंगावर. मी संध्याकाळी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, म्हणून बाबांची दुपार माझ्या वाट्याला आली.

पेपर वाचून दाखवला तर ते पहिल्याच पानावर कंटाळायचे. जन्मभर कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाइप केलेल्या माणसाचा छापील शब्दावर फारसा विश्वास राहत नाही. एका दुपारी उशीतून आवाज आला, "तू दिवसभर काय वाचत राह्यते? तेच वाच."

मी जी पुस्तकं वाचते त्यांत मुलगी मुलीच्या प्रेमात पडते, किंवा मुलगा मुलाच्या. ती इंग्रजीत असतात आणि तेव्हा मला वणीहून यायची. वणीला माझी कॉलेजातली मैत्रीण एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची. ती पुस्तकं मागवायची, आधी स्वतः वाचायची, मग एसटीच्या पार्सलनं माझ्याकडे पाठवायची. मला ती आवडते. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं. पुस्तकं जात-येत होती, त्यावरून फोनवर भांडणं होत होती, आणि आमचं त्यातच भागत होतं.

भांडणं खरीखुरी असायची. शहरातल्या प्रेमकथा मला फारशा पटत नाहीत. सगळं पुस्तक एकाच प्रश्नाला टांगलेलं, की घरी सांगायचं कसं. शेवटाकडे मुलगी स्वयंपाकघरात सांगते, आई रडते, मग जवळ घेते. आमच्याकडे कोणी सांगत नाही. आमच्याकडे लोकांना कळतं, आणि कळल्यावर ते बोलत नाहीत, कामाला लागतात. त्यापेक्षा दोघी एकत्र राहायला लागल्यावर सिलिंडर कोणी नोंदवायचा यावरून भांडतात, तसलं एखादं प्रकरण मला खरं वाटतं. मैत्रिणीला मात्र ती रडारडच हवी असायची. कोणाची तरी आई जवळ घेते हे वाचायला काय हरकत आहे, असं ती म्हणायची.

कॉमिक्स म्हणजे पोरासोरांचा प्रकार, असं मी समजत होते. मग तिनं एक जाडजूड कॉमिक पाठवलं. त्यात वसतिगृहातली दोन मुलं एक अख्खं पान गच्चीवर नुसती बसलेली आहेत, खांद्याला खांदा लागेल न लागेल इतपत. शब्द एकही नाही. चित्रातल्या माणसाला कबुली द्यावी लागत नाही, तो जिथं बसतो त्यावरून कळतं. कादंबरीवाल्यांना त्याच जागी तीन पानं लागतात आणि ती बहुतेक गोडगोड असतात.

माझा जीव अडकतो तो जादूच्या राज्यांत. तिथं राणीला राणी मिळते आणि दरबारात कोणाची भुवई वर जात नाही. लोक याला पळवाट म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण भीती तिथंही असतेच, फक्त ती दुसऱ्या दारानं येते. डोंगरापलीकडून काहीतरी निघालेलं असतं आणि ते सगळ्यांनाच खाणार असतं. मला राग येतो तो दोघींपैकी एकीला उगाच मारून टाकणाऱ्या लेखकांचा, दुसरीला सूड घ्यायला कारण मिळावं म्हणून. असं पुस्तक मी अर्ध्यातून परत पाठवायची.

तेव्हा माझ्या हातात असंच एक राज्य होतं. किल्ल्याखालून नदी वाहते, दर हिवाळ्यात ती पाण्यातून काहीतरी वर पाठवते. दारावरची पहारेकरी आणि जखमा बांधणारी वैदीण अशा दोघींची ती गोष्ट. बाबांसाठी मी पहारेकऱ्याला पुरुष केलं.

ते सोपं नव्हतं. इंग्रजीत क्रियापदाला बाई-पुरुष नसतो, वाक्यं बिनबोभाट पुढं जातात. मराठीत सुटका नाही. गेला की गेली, म्हणाला की म्हणाली, प्रत्येक वाक्याच्या टोकाला सांगावंच लागतं. मी मनात भाषांतर करत टोकापर्यंत यायची आणि तिथं पुरुषाचं क्रियापद लावायची. बाबांचं तोंड उशीत. मला नुसतं डोकं दिसायचं, पांढरे केस आणि मानेवरच्या सुरकुत्या. गोष्ट आवडते आहे की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती. ते मधूनच विचारायचे, "मग?"

काही दिवसांनी वहिनीही तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन सोलायला तिथंच बसू लागली. आणि मग दादा दुपारी घरी यायला लागला.

इतकी वर्षं डबा नेणारा माणूस. त्याची गाडी फाटकाशी बंद व्हायची, पण पावलं लगेच वाजायची नाहीत. तो बाहेर उभा राहून ऐकायचा, मग बूट काढायचा. आत आला की वहिनी उठून ताट वाढायची. तो ताटात बघतच म्हणायचा, "वाच ना. थांबली कायले?"

पहारेकरी जखमी होऊन पडला आहे आणि वैदीण त्याच्या उशाशी बसली आहे, असा भाग आला. लेखिकेनं तिथं कमालीचा संयम ठेवला आहे. प्रेम हा शब्द नाही, नुसतं पाणी गरम करणं, कापड पिळणं, जखम धुणं. मी त्यात रमून गेले, आणि 'पहारेकरी उठून बसली' असं वाचलं.

वहिनीचा हात शेंगेवर थांबला.

"कोण उठून बसली?" दादानं विचारलं.

"वैदीण."

"ती तर पहिलेच बसून होती ना."

तिला डुलकी लागली होती, असं काहीतरी मी म्हटलं. दादानं मान हलवली आणि भात कालवला. बाबा एरवी अशा जागी 'मग?' म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी पुस्तक जागेवर नव्हतं. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, ह्यांनाच विचारा. संध्याकाळी शिकवणीची मुलं गेल्यावर दादानं ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. पानांच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट काळं झालं होतं. वणीत कोळशाच्या ट्रकांची धूळ घराघरांत शिरते, कपाटातल्या पुस्तकांनाही सोडत नाही.

"हे वणीवरून येते न?"

मी हो म्हटलं, मैत्रीण पाठवते म्हणून सांगितलं. तो चिडला नाही. खिशातून रुमाल काढून त्यानं बोट सावकाश पुसलं. मग, दुसरंच काही आठवल्यासारखं, म्हणाला की रविवारी ढाणकीचे पाहुणे येत आहेत. भरपूर शेती आहे, एकुलता एक मुलगा आहे, साडी वहिनी काढून देईल. पुस्तक त्यानं माझ्याकडे सरकवलं. ते परत मिळाल्यानं मला जास्त भीती वाटली.

मी मैत्रिणीला फोन लावला. मी काही सांगायच्या आधी तिनंच सांगितलं. आठवड्याच्या सुरुवातीला लॅबमध्ये एक माणूस आला होता. रक्त द्यायचं नव्हतं, रिपोर्ट घ्यायचा नव्हता. मांडीवर हेल्मेट ठेवून बाकावर बसून राहिला. तिनं विचारलं तर म्हणाला, कोणाची तरी वाट पाहतो आहे. लॅब बंद करताना त्यानं उठून अगदी सभ्यपणे विचारलं, की तुम्ही इथं एकट्याच राहता का. त्याच्या डाव्या भुवईवर जुनी खूण होती.

ती खूण दादाला लहानपणी झोक्यावरून पडून झालेली आहे. म्हणजे पार्सलवरचं नाव-पत्ता वाचून तो आधीच वणीला जाऊन आला होता. मला धूळ दाखवायची त्याला काही गरज नव्हती.

तो माझा भाऊ आहे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "सध्या काही पाठवत नाही. तूही फोन करू नको."

दुसऱ्या दुपारी मी बाबांजवळ बसले, पण पुस्तक उघडलं नाही. वहिनी मागं धुणं वाळत घालत होती.

"तू क्रियापदाच्या आधी थांबते," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. पढवलेला साक्षीदार तसा थांबते."

मी विचारलं, दादाला कोणी सांगितलं?

"मी."

उशीतून आलेला तो शब्द मला आधी नीट ऐकूच आला नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. मी काहीतरी लपवते आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांना वाटलं मी कशात तरी फसले आहे, एखादा लग्न झालेला माणूस असेल. स्वतःला वाचता येईना, म्हणून त्यांनी दादाला पुस्तक बघायला सांगितलं. दादानं बघितलं आणि त्यांना काही न सांगता पुढचं सगळं स्वतःच ठरवलं. तो वणीला गेला हे त्यांना आत्ता, मी सांगितलं तेव्हाच कळलं.

"तुलेच विचाराचं होतं मी," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की मी उठून दारापर्यंत गेले. माणसाचा चेहरा दिसला तर त्याच्यावर ओरडता येतं. समोर नुसती मान होती, म्हाताऱ्या माणसाची, काही दिवसांत अर्धी झालेली. मी परत येऊन बसले.

"आता जसं लिहिलं तसं वाच," ते म्हणाले.

"काहून?"

"मले काय आहे ते माहीत पाहिजे. दुसऱ्यानं येऊन सांगाच्या आधी."

मी जखमेच्या प्रकरणापासून सुरुवात केली. पहारेकरी पडली होती. ती कण्हली. तिनं डोळे उघडले, वैदिणीचा हात धरला आणि सोडला नाही. वाक्यं आपापल्या टोकाला सरळ जाऊ लागली आणि माझाच आवाज मला वेगळा वाटला. फाटकाशी गाडी बंद झाली तेव्हाही मी वाचत होते.

दादा दारात येऊन उभा राहिला. या वेळी त्यानं बूट काढले नव्हते. थोडं ऐकून म्हणाला, "बंद कर ते."

"वाचू दे," बाबा म्हणाले.

"ती काय वाचून राह्यली, समजते का तुम्हाले?"

"डोळा गेला माझा. कान नाही गेले."

दादा माझ्याकडे पाहत होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "ठीक आहे. मग रविवारचं तुम्हीच पाहा." तो न जेवताच गेला. वहिनीनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

पाहुणे आले. बाबांना एव्हाना खुर्चीत बसायची परवानगी होती, पण मान खालीच. पाहुण्यांना ती नम्रता वाटली असावी. मुलाचे काका दोनदा म्हणाले, की आपण संकोच करू नका. त्यांनी मला विचारलं, काय करता. मी म्हटलं, इंग्रजी शिकवते, आणि मला लग्न करायचं नाही. त्यांनी चहा पूर्ण संपवला, नमस्कार केले. फाटकाशी काका दादाच्या खांद्यावर हात ठेवून कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होते.

आत आल्यावर दादानं सगळे कप उचलून मोरीत नेले आणि स्वतः धुतले. मी त्याला कधी कप धुताना पाहिलेलं नव्हतं. एकेक कप पालथा घालत तो म्हणाला, "आता लोक विचारतीन. काय सांगाचं ते मी ठरवीन." त्यानंतर तो माझ्याशी थेट बोलत नाही, वहिनीमार्फत बोलतो.

मैत्रीण वणी सोडून चंद्रपूरला बहिणीकडे गेली. तिकडून तिनं नव्या नंबरवरून फोन केला. वणी सोडायच्या आधी लॅबमधल्या त्या बाकावर पुन्हा दोनदा कोणीतरी येऊन बसलं होतं, म्हणाली. माणूस दुसरा होता. मी हिंमत करून दादाला विचारलं. तो वहिनीकडे बघून म्हणाला, "मी एकदाच गेलतो." ते मला खरं वाटतं. म्हणजे त्यानं आणखी कोणाला तरी सांगितलं आहे, आणि ते कोण हे मला ठाऊक नाही. रस्त्यानं जाताना ओळखीचा माणूस हसला तरी मी तो का हसला याचा विचार करते. आम्ही दोघी अजून बोलतो. पुस्तकं आता फोनवर वाचतो आणि भांडतो कमी.

बाबांचा पडदा चिकटला, पण त्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसते. त्यांना मी पुस्तक शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्यांचं मत असं पडलं, की नदीतलं ते जे काही आहे ते लेखिकेनं दाखवायला नको होतं. दिसल्यावर ते लहान झालं. त्या दोघींबद्दल ते एवढंच म्हणाले, की पहारेकरी हट्टी आहे.

परवा दुपारी मी शिकवणीचे पेपर तपासत होते. वहिनी येऊन बसली, काही काम नसताना. पुस्तक संपलं त्या दिवशी ती माहेरी होती, तिचं ऐकायचं राहिलं होतं. तिनं हळूच विचारलं, त्या दोघींचं मग काय झालं?

"वाचल्या," मी म्हटलं. "दोघीही."

"मग राहतात कुठं?"

पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. किल्ला सोडून त्या निघतात आणि गोष्ट तिथं संपते. मी तिला तसंच सांगितलं. तिनं थोडा विचार केला. मग उठली, समोरच्या दाराची कडी नीट लागली आहे की नाही ते पाहून आली, आणि पुन्हा माझ्यासमोर बसली.