काळ्या लाकडासाठी आष्टीला

वर्ध्याला गाडीतून उतरल्या उतरल्या मी आधी थैली चाचपून पाहिली. अर्धवट चाकू जागेवर होता. मनमाडपासून माझ्यासमोर बसलेले गृहस्थ फार गोड बोलत होते, दोनदा त्यांनी मला आपल्या डब्यातली पुरी देऊ केली, आणि मी दोन्ही वेळा पोट बिघडल्याची थाप मारली. गोड बोलणाऱ्या माणसांविषयी माझं मत गेल्या पावसाळ्यापासून बदललं आहे.

ते का बदललं ते आधी सांगतो. मी पुण्यात घडीचे चाकू बनवतो. भाजी चिरायचे नव्हेत; शौकीन लोक काचेच्या कपाटात मांडून ठेवतात तसले. पातं पोलादाचं, मूठ पितळेची आणि मुठीच्या दोन्ही अंगांना जडवलेली लाकडाची पट्टी. पातं कोणीही बघतो, जाणकार मात्र आधी ती पट्टी बघतो. आमच्या पेठेतल्या एका डॉक्टरांकडे असे चाकू कपाटभर आहेत. त्यांना मी आबनुसाच्या, म्हणजे अंगच्या काळ्या लाकडाच्या, पट्ट्यांचा एक करून दिला. लाकूड देणाऱ्या व्यापाऱ्याने छातीवर हात ठेवून अस्सल म्हणून दिलं होतं. पावसाळ्यात हाताला घाम सुटला आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा ओघळ उतरला. साधं लाकूड शाईत मुरवलेलं! डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला कळलं नव्हतं, की कळूनही दिलंत?"

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "आणखी एक करून आणा. दोन्ही पट्ट्या एकाच तुकड्यातल्या हव्यात. तोही तसाच निघाला, तर मग राहू द्या." माझी निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरांच्या शब्दावर येतात. 'राहू द्या' म्हणजे काय, ते मला नीट कळलं होतं.

तेंदूच्या (आपली टेंभुर्णी) म्हाताऱ्या झाडाच्या पोटात काळाभोर गाभा असतो, तोच आबनूस, आणि वर्ध्याकडच्या रानात तो सापडतो, असं एका सुताराकडून कळलं. म्हणून हा प्रवास. यावेळी कानाला खडा लावून निघालो होतो. थैलीत पट्ट्या न बसवलेला नवा चाकू, स्पिरिटची बाटली, एक पांढरं फडकं आणि वीतभर लांबीची बारीक करवत घेतली होती.

नालवाडीच्या वाटेवर एका टालेत (लाकडाची वखार) चौकशी केली. मालकाने लगेच गुळाचा चहा मागवला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याने आतून एक काळा ठोकळा आणला. मी फडकं स्पिरिटमध्ये भिजवून घासलं, फडकं काळं झालं. नखाने खरवडलं तर खालीही काळंच. मग करवतीने टोक कापलं, आणि आतून पिवळट पांढरं लाकूड माझ्याकडे बघून दात काढू लागलं. मालक चहा प्यायचा थांबला. मला इतका आनंद झाला, की लाकूड मिळालं नाही याचं दुःखच झालं नाही.

बाहेर पडताना तिथला हमाल हळूच म्हणाला, "आष्टीच्या बाजारात जाजा जी. सोमाजी कुमरे बसते तेथी, कुऱ्हाडीचे दांडे विकते. त्याच्याजवळ असन त असन." याला त्या सोमाजीकडून काय मिळत असेल, याचा विचार करतच मी दुसऱ्या दिवशी आष्टीच्या मोटारीत बसलो.

फाल्गुन लागला होता. आर्वी मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस नुसता पेटला होता, कापूस वेचून झालेली शेतं उन्हात पडून होती आणि लांबवर टेकड्यांची निळी ओळ दिसत होती. मी संत्रं सोलायला थैलीतला चाकू काढला. शेजारच्या बाईने मुलीला पटकन आपल्याकडे ओढलं, आणि मागून एकाने विचारलं, "कोन्या गावचे जी तुमी? चाकू कायले घेऊन हिंडता?" मी पुण्याचा, असं म्हटल्याने कोणाचंच समाधान झालेलं दिसलं नाही. आष्टी येईपर्यंत सगळी मोटार माझ्या हाताकडे बघत होती. संत्रं मात्र फार गोड होतं.

बाजारात चिंचेखाली सोमाजी सापडला. साठीचा, काटक, डोक्याला मळकं पागोटं. पुढ्यात कुऱ्हाडीचे दांडे आणि चाटू (लाकडी पळ्या) मांडलेले. तेंदूच्या गाभ्याचं नाव काढताच त्याने माझे बूट न्याहाळले.

"जंगलातले साहेब त नाई ना तुमी?"

"नाही हो. मी चाकू बनवतो."

"दाखवा."

त्याने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडून कानाशी नेऊन मिटला. पट्टी नसलेल्या पितळी खाचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पातं चांगलं बसते. माह्या बापानं एक लाकूड ठेवलं हाये. वावरातलं झाड वादळानं पडलं होतं, त्याचं. घरी हाये. येता का?"

घर तासाभराच्या वाटेवर होतं. वाट रानातून जात होती, आणि बाजारातल्या शंभर माणसांसमोर जे दाखवता येत नाही ते एकांतात का दाखवायचं, हा प्रश्न मला पावलागणिक टोचत होता. एक हात मी थैलीवरच ठेवला होता. सोमाजी पुढे चालला होता आणि एकदाही मागे वळून बघत नव्हता.

सहासात घरांचा टोला (वस्ती) लागला. शेणाने सारवलेल्या अंगणात त्याची बायको मैनाबाई मिरच्या निवडत होती. दोघं गोंडीत बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली आणि तोही हसला. गिऱ्हाईक भोळं आहे, असंच म्हणाले असणार, अशी माझी खात्री झाली. मग तिने आतून घोंगडी आणून माझ्यासाठी अंथरली.

सोमाजीने चुलीवरच्या माचीवरून (धुरात टांगलेली फळी) एक ठोकळा काढून आणला. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड आणि काळा कुळकुळीत. हातात घेतला तर दगडासारखा जड. एका बाजूने करडी रेघ वळसे घेत गेली होती. तो मधोमध चिरला असता, तर दोन्ही पट्ट्यांवर तीच रेघ समोरासमोर आली असती.

"बाप म्हने, चांगल्या कामाले देजो. दर दिवाळीले टोळीचं तेल (मोहाच्या बियांचं तेल) लावतो त्याले." त्याने किंमत सांगितली. एकदाच सांगितली. घासाघीस करायला जागाच ठेवली नाही, तिथे माझा संशय पुन्हा उठून बसला.

मी फडकं भिजवलं आणि ठोकळ्यावर घासलं. फडकं काळं झालं.

"हा रंग आहे," मी म्हणालो.

"धूर होय जी तो. चुलीवर राह्यलं न थे लाकूड, माह्या लग्नाच्या आंधीपासून."

"सगळे असंच काहीतरी सांगतात. रंग आत मुरवतात, वरून कळत नाही. वर्ध्याला कालच पाहून आलोय."

सोमाजीचे हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. मला तो दिसला असता तर मी कदाचित भानावर आलो असतो.

"फोडून दाखवू?" त्याने विचारलं.

इथे एक कबूल केलं पाहिजे. माझ्या थैलीत करवत होती. नखभर टोक कापलं असतं तरी सगळा उलगडा झाला असता. पण वर्ध्याच्या मालकाचा उतरलेला चेहरा मला आठवत होता, आणि तो आनंद मला पुन्हा हवा होता. या म्हाताऱ्याला त्याच्याच हाताने उघडं पडलेलं मला बघायचं होतं.

"दाखवा," मी म्हणालो.

त्याने ठोकळा ओंडक्यावर उभा धरला आणि कुऱ्हाडीचा एकच घाव घातला. इतकं वाळलेलं लाकूड सरळ कुठे फुटतं! ते काचेसारखं तडकलं. चीर तिरकी गेली, त्या करड्या रेघेला मधेच तोडून, आणि तुकडे अंगणभर उडाले. एक माझ्या पायाशी येऊन पडला. मी तो उचलला. तो आरपार काळा होता.

"पाह्यजा," सोमाजी म्हणाला.

मैनाबाई दारात उभी होती. ती खाली बसून एकेक तुकडा वेचू लागली, मीही वेचू लागलो. सगळे जुळवून पाहिले, उलटे करून पाहिले. एका अंगाची पट्टी निघेल एवढाच एक तुकडा होता. दुसरी निघणं शक्य नव्हतं.

"चुकलो, बाबा," मी म्हणालो. त्याला 'बाबा' मी तेव्हा पहिल्यांदा म्हणालो.

"आता काय त्याचं," तो म्हणाला. त्याने सांगितली होती तेवढीच किंमत घेतली, एक तुकडा मला दिला आणि बाकीचे पुन्हा माचीवर नेऊन ठेवले. मी निघायला उठलो तर मैनाबाईने ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी पुढे ठेवली. मघाशी या काय म्हणाल्या होत्या, असं मी शेवटी विचारलंच.

"थे?" सोमाजी म्हणाला. "पाहुना लंबून आला, बुटात पाय आंबले असतीन, त्याले घोंगडी टाकतो म्हने." भाकर चांगली झाली होती, पण मला ती संपवायला फार वेळ लागला.

परतीच्या गाडीत मी थैलीतून फडकं काढून नाकाशी नेलं. त्याला चुलीच्या धुराचा आणि मोहाच्या तेलाचा वास येत होता, शाईचा नव्हता. अंगणातही तो तसाच येत असणार. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला शेंगदाणे देऊ केले, ते मी घेतले.

पुण्यात महिनाभर खपून चाकू पुरा केला. एका अंगाला सोमाजीचं काळं लाकूड, दुसऱ्या अंगाला साधं शिसम. काळी बाजू वर करून मी तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. खिशातून पांढरा रुमाल काढला, त्याचं टोक स्पिरिटच्या बाटलीत बुडवलं आणि माझ्याकडे बघत बघत पट्टीवर घासायला सुरुवात केली. ते चांगलं जोर लावून घासत होते. मी समोर बसलो होतो, आणि माझे हात गुडघ्यांवर होते. ते मला उचलवेनात.

रुमाल पांढरा राहिला. डॉक्टर हसले. "अस्सल आहे," ते म्हणाले. मग चाकू उलटून त्यांनी विचारलं, "पण ही बाजू वेगळी का? एकाच तुकड्यातल्या दोन्ही हव्यात, म्हटलं होतं ना?"

"होय. तुकडा एकच होता, डॉक्टर," मी म्हणालो. "दुसरी बाजू मी अशीच तपासताना घालवली."