शिपाई बाईनं पेन खाली ठेवलं

ती केस बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या डोक्यातून अजून निघालेली नाही. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. मधली एकही पायरी वशिल्यानं चढलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. सांगण्यात चुकणार नाही.

माझं ठाणं सोलापुरातल्या मागवाल्यांच्या वस्तीत होतं. एका सकाळी एक यंत्रमाग मालक फिर्याद द्यायला आला. रात्री शेडचं मागचं दार उघडून कुणीतरी टॉवेलचे गठ्ठे नेले होते. कुलूप तोडलेलं नव्हतं. आम्ही जागेवर गेलो, पंचनामा केला. शेडमध्ये जमिनीवर सुताची पांढरी धूळ साचलेली असते. तिच्यावर अनवाणी पावलांचे ठसे स्वच्छ उठले होते. मागच्या दाराला आम्ही पट्टी लावून वाट बंद केली.

ठसे अनवाणी आहेत एवढं बाहेर समजायचा अवकाश, गल्लीनं निकाल लावून टाकला. अनवाणी कोण हिंडतं? पारधी. दुपारी खबऱ्यानंही तीच खबर आणली. शेजारच्या मंगल कार्यालयात नवा वॉचमन लागलाय, जातीनं पारधी, आदल्या संध्याकाळी शेडजवळ दिसला होता. खबर मिळाली की माणूस आणायचा, ही ठाण्याची रीत. आणला.

पंचविशीचा गडी. मंगल कार्यालयवाल्यानं दिलेला खाकी शर्ट अंगावर आणि काळे बूट पायात. नोकरी लागून महिनासुद्धा झाला नव्हता. त्याच्या घरात महिन्याचा पगार आणणारा तो पहिलाच. मोठे साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत जबाब पुरा करा, अटक दाखवा, उद्या रिमांडला हजर करू.

जबाब लिहायला आमची नवी शिपाई बाई बसली. माळशिरसकडची पोरगी. अक्षर इतकं नेटकं की माझं सगळं लिखाण मी तिच्याकडूनच करून घ्यायचो. ठाण्यात सगळे मला मामा म्हणत, तीही म्हणायची. एक मात्र होतं. सोबतच्या पोरी डबा खाताना कुळ, देवक, पै-पाहुणे काढून बसल्या की ही पाणी प्यायला म्हणून उठून जायची. मला वाटायचं, लाजाळू आहे.

मी विचारलं, "रातच्याला कुटं होतास?"

"घरीच की सायेब. ड्युटी दिवसाची हाय माजी."

"बगितलं कुणी?"

"बायकूनं." मग तोच म्हणाला, "पर तिचं कोण ऐकतंय?"

बाकावर मालक, त्याचा पुतण्या आणि गल्लीतली दोघं बसली होती. मालकाची घरातली बोली तेलुगू, पण मराठी फर्डी. तो म्हणाला, "फौजदारसाब, ह्याला काय विचारता? ह्या लोकांच्या रक्तातच हाय चोरी. जन्मतःच शिकून येतात." बाकावरची सगळी हसली. आमचे दोघं हवालदारही हसले.

पेनाचा आवाज थांबला. बाईनं पेन कागदावर आडवं ठेवलं आणि उभी राहिली. हात थरथरत होते, म्हणून तिनं ते पाठीमागं घेतले.

"मामा, मी बोलू का?"

"बोल की."

"मी पारधी आहे."

मालक गडबडला. "न्हाय न्हाय, बाई, तुमी वेगळ्या. तुमी शिकल्या-सवरल्या."

"वेगळी नाही. शाळेत कुणाची पेन्सिल हरवली तरी आधी माझं दप्तर झाडायचे. पेन्सिल बाकाखाली सापडायची, पण माझं दप्तर कुणी परत भरून दिलं नाही." मग माझ्याकडं वळली. "ठसे अनवाणी आहेत म्हणून याला आणलं. याच्या पायात तर बूट आहेत, मामा."

एक हवालदार म्हणाला, "चोरी करताना काढले असतील."

"मग कुठं काढले, ते तरी बघूया."

मोठे साहेब दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "वेळ घालवू नका." मी हट्टी माणूस. म्हणालो, "साहेब, तपास माझ्याकडं आहे. तासाभरात येतो."

आम्ही मालकाला घेऊन शेडच्या मागच्या दाराशी गेलो. पट्टी तशीच होती, माती कुणी तुडवली नव्हती. सकाळी आमचं सगळं लक्ष आतल्या ठशांवर होतं, बाहेरचे कुणी नीट बघितलेच नव्हते. दारापर्यंत चपलेचे ठसे आले होते. उंबऱ्याच्या डाव्या बाजूला दोन चपला जोडीनं, नीट काढून ठेवल्याचा ठसा होता. आत अनवाणी पावलं. मालक मागून आला, बोलता बोलता त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि अगदी त्याच जागी ठेवल्या.

बाई त्याच्या पायांकडं बघत राहिली. म्हणाली, "मालक, चपला का काढल्या?"

"मागाजवळ चप्पल घालून जात्यात व्हय? आमच्या वडलांपासनं ह्या शेडात कुणी तसं गेलेलं न्हाय."

एवढं बोलला आणि त्याचं तोंड उतरलं. रोज स्वतः करत होता म्हणून त्याला ते दिसलंच नव्हतं. बाहेरचा चोर बूट घालून खुशाल आत गेला असता. चोरी करतानाही चप्पल दारात काढणारा माणूस त्या शेडातलाच होता.

किल्ली दोघांकडंच असायची. मालकाकडं आणि पुतण्याकडं. ठाण्यात परत आलो, पुतण्याला समोर बसवलं, पाणी दिलं. आवाज न चढवता विचारलं, "लेका, एवढी घाई असताना चप्पल कशाला काढलीस?"

तो पटकन म्हणाला, "मागापाशी चप्पल कशी घालायची, साहेब?"

मग त्याला कळलं आपण काय बोललो. डोकं धरून रडायला लागला. गठ्ठे मोडनिंबला हायवेवरच्या एका दुकानात निघाले. मुद्देमाल पुरा जप्त झाला.

वॉचमनला आम्ही सोडलं, पण मंगल कार्यालयवाला त्याला परत घेईना. मी आणि बाई त्याला घेऊन गेलो. कार्यालयवाला म्हणाला, "चोर न्हाय हे मला कळलं हो, पण लोकं लग्नाला येणार, लोकं काय म्हणतील?"

बाई म्हणाली, "मीही पारधीच आहे. तुमच्याकडं बंदोबस्ताला मी आले तर लोकं काय म्हणतील?"

तो बुकिंगची वही चाळायला लागला. मी खुर्ची ओढली, त्याच्या ऑफिसात बसलो आणि चहा सांगितला. चहा संपल्यावर दुसरा सांगितला. दोन गिऱ्हाइकं तारीख धरायला आली, खाकी बघून दारातूनच फिरली.

"साहेब, किती येळ बसणार?"

"हा कामावर उभा राहीपर्यंत. मला रिटायर व्हायला अजून दोन वर्षं हायत."

शेवटी तो हसला. वॉचमनला म्हणाला, "जा बाबा, गेटवर जा. न्हायतर हे म्हातारं माझं कार्यालय बंद पाडंल."

परत येताना जीपमध्ये मी तिला म्हणालो, "पोरी, लई धीराची हायस."

"कसला धीर, मामा? उद्या डब्याला कोण शेजारी बसेल, कोण नाही, कुणास ठाऊक. तुम्हाला नाही का भीती वाटली, साहेबांना उलटं बोलताना?"

"मला कसली भीती?" मी छाती पुढं काढून म्हणालो.

ती नुसती हसली. त्या हसण्यावर मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो. खबर, ठसे, जबाब हे सगळं मला नोकरीनं शिकवलं. पण एवढ्या वर्षांत एकदाही, मी कोण आहे हे चारचौघांत सांगताना मला हात पाठीमागं लपवावे लागले नव्हते. छाती माझी मोठी होती खरी. पण तिच्यावर कुणी बोट ठेवलेलंच नव्हतं. धीर कशाला म्हणतात, हे मला त्या पोरीनं दाखवलं.