तिसऱ्या बाकावरून गेलेली रेष

भंडारा जिल्ह्यात सरळ उभी असलेली अशी एकही वस्तू नसेल, जिच्याकडे आमच्या शेजारच्या गणिताच्या सरांनी संशयानं पाहिलेलं नाही. विजेचा खांब असो, ताडाचं झाड असो की मांडवाची बल्ली, सरांची नजर आधी बुडाशी जाते, मग शेंड्याला, आणि मग ते दोन पावलं मागं सरकतात. खिशात कायम एक यंत्र: कंपासपेटीतला कोनमापक, त्याला चिकटवलेली शीतपेयाची नळी आणि दोऱ्याला लोंबणारा ट्रॅक्टरचा नट. नळीतून शेंडा बघायचा, कोन दोरा सांगतो. सख्ख्या साळ्याच्या वरातीत सगळे नाचत होते, तेव्हा सर रस्त्याच्या कडेला एक डोळा मिटून घोड्यावरच्या नवरदेवाच्या तुऱ्याची उंची काढत होते. त्यांच्या घरच्या काकू म्हणतात, "या माणसाले तांदूळ पाखडाले सांगा, तर सुपाचा उतार मोजत बसते!"

त्रिकोणमिती फळ्यावर शिकवणं म्हणजे खाटेवर पोहणं शिकवणं, असं त्यांचं मत. रोवणीच्या दिवसांत दहावीची निम्मी पोरं धानाच्या बांधीत असतात, तर सर तिथं जाऊन तलावाच्या पाळीचा चढ मोजायला लावतात. एकदा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "मास्तर, उतार मोजून तलावात पाणी वाढते काय?" सर म्हणाले, "पाणी नाही वाढत. तुमचा पोरगा पास होते." त्यावर त्या गृहस्थानं स्वतःच टेपाचं दुसरं टोक धरलं.

माझं आणि त्यांचं पटायचं कारण नव्हतं. मी पत्रकं छापणारा माणूस. आमच्या गावच्या शाळेला लागून पाण्याची जुनी टाकी होती. खांबांचं सिमेंट गळून सळया उघड्या पडलेल्या आणि त्याखाली पोरं डबा खात. मी निवेदनं दिली, बोंबललो, 'मृत्यूची टांगती तलवार' असा मथळा लाल शाईत छापला. कचेरीतून उत्तर आलं: टाकी शाळेपासून पुरेशा अंतरावर आहे. ते उत्तर घेऊन मी तणतणत सरांकडे सही मागायला गेलो. त्यांनी सही केली नाही. कागद वाचून एवढंच विचारलं, "पुरेशा म्हणजे किती?" मी म्हटलं, सर, हा अन्यायाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, "असेल. पण अंतराचाही आहे."

दुसऱ्या दिवशी अख्खा दहावीचा वर्ग मैदानात. नियम सोपा: नळीतून टाकीचा माथा बघत मागं सरकायचं. दोरा पंचेचाळीसवर आला की थांबायचं. तिथून टाकीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच उंची, वर आपल्या डोळ्यापर्यंतची मिळवायची. म्हणजे आडवी पडली तर माथा तिथपर्यंत पोचणार, थोडा पुढंच. पोरं मागं सरकू लागली. सरकता सरकता एका पोरीची पाठ वर्गाच्या भिंतीला टेकली.

"सर, मांगं जागाच नाही ना! भिंत लागली!"

"दोरा कुठं आहे?"

"पंचेचाळीसच्या वरच आहे, सर."

पोरांनी वळून खिडकीतून आपल्याच वर्गात बघितलं: माथा भिंतीपाशी थांबणार नव्हता. सर म्हणाले, "हं. मग आता टॅन काढा."

टॅन काढून झाल्यावर सरांनी वर्गात जाऊन, माथा जिथवर पोचेल तिथं, फरशीवर खडूनं एक रेष ओढली. ती तिसऱ्या बाकावरून गेली. तासाभरात सगळा वर्ग शेवटच्या दोन बाकांवर कोंबून बसला. एकजण म्हणाला, "मी वाचलो सर, माहं दप्तर मेलं."

मुख्याध्यापक धावत आले. "सर, हे काय करून राहिले तुमी? पुसा ती रेष!"

"पुसतो. टाकी बुटकी होईल काय?"

कचेरीतले साहेबही आले. म्हणाले, टाकी झाडासारखी आडवी पडत नसते, जागच्या जागी बसते. सर शांतपणे म्हणाले, "कशी पडेल ते मला येत नाही. कुठवर पोचू शकते तेवढंच येते."

माझी पत्रकं ज्यांनी चूल पेटवायला वापरली होती, त्या आया त्या दिवशी वर्गाच्या दारात उभ्या राहून एकच गोष्ट बघत होत्या: आपलं लेकरू रेषेच्या अलीकडं बसते की पलीकडं. दुसऱ्या दिवसापासून कुणीच पोर पाठवलं नाही. मग टाकी रिकामी झाली, वर्ग समाजमंदिरात गेला आणि पाडायला माणसं आली.

ती त्यांनी वरून खाली, हातोड्यानं, तुकड्यातुकड्यानं पाडली. मी 'जनतेचा विजय' लिहायला घेतलं होतं. सर माझ्याशेजारी उभे होते, यंत्र हातात, तोंड उतरलेलं.

"काय झालं सर? जिंकलो ना आपण!"

"हो. पण अशी पाडली तर रेष बरोबर होती का, ते कसं कळणार?"

मी भडकलो. "म्हणजे पडायला हवी होती?"

"नाही रे बाबा," ते ओशाळून म्हणाले. "खोली रिकामी होती, म्हणून म्हटलं."

दहावीचा वर्ग आता त्याच खोलीत भरतो. फरशी धुतली गेली, पोरं पुढच्या बाकांसाठी भांडतात. नव्या पोरांना काही ठाऊक नाही. सर शिकवत शिकवत तिसऱ्या बाकापाशी येतात तेव्हा मात्र पाऊल जरा उचलून टाकतात, झोपलेल्या लेकरावरून जावं तसं.