माशाच्या फुग्यांचं क्लॅरिनेट

दहावीत असताना आमच्या शाळेच्या बँडमधलं एकुलतं एक क्लॅरिनेट माझ्याकडे होतं आणि त्याचा मला भलता माज होता. सव्वीस जानेवारी तोंडावर आलेली, आणि सकाळच्या दंवात भिजून, दुपारच्या उन्हात तापून त्याचं लाकूड तडकलं. छिद्रांवरच्या झाकणांखाली मऊ गाद्या असतात, त्याही फुगून बसल्या. कितीही फुंका, नुसता वारा.

बँडचे सर म्हणाले, "बाहेर चालत वाजवाचं तं प्लास्टिकचंच पायजे. पुढच्या वर्षी नवं घेऊ. यंदा तू पाटी धर."

पुढच्या वर्षी मी शाळेतच नसणार होते! इतकी वर्षं गाल दुखेस्तोवर फुंकलं, ते शेवटच्या परेडला शाळेच्या नावाची पाटी धरायला? घरी येऊन मी भोकाड पसरलं.

बाबा डोंग्यातून तलावात मासेमारी करतात. "डोंग्याले चीर पडली तं आपण डोंगा फेकतो का?" म्हणत त्यांनी तडकलेल्या जागी लाख भरली आणि वरून जाळ्याचा दोरा आवळला. गाद्यांच्या जागी रोहू माशाच्या पोटातले हवेचे फुगे वाळवून, कापून बसवले. "हे पान्याले भेत नाई, माय."

सूर लागला. सरांनी नाक मुरडलं, पण रांगेत घेतलं. वास येत होता, हे खरं. पण आमच्या घरात कशाला येत नाही?

परेड गोंडपिपरीच्या मैदानावर होती आणि भिंतीपलीकडे मासळीबाजार. ऊन चढलं तसे फुगे दरवळले. आधी एक मांजर आली. मग तिचं सगळं गणगोत आलं. मी डावा पाय टाकला की त्याही पुढे सरकत, मी थांबले की शेपट्या गुंडाळून बसत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. लाजेनं मरत होते, पण सूर सोडला नाही.

आमच्या जिल्ह्यात कुठल्याही सरकारी कार्यक्रमात वाघ आणि माणसानं गुण्यागोविंदानं राहावं असा संदेश लागतोच. माइकवाल्या गुरुजींनी मांजरी बघितल्या आणि त्यांचा आवाज एकदम भरून आला. "मानव आणि वन्यप्राणी यांच्या सहजीवनाचा संदेश देत येत आहे हे पथक!" मंचावरचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पहिलं बक्षीस आम्हालाच.

पुढच्या वर्षी खरंच प्लास्टिकचं क्लॅरिनेट आलं, आणि ते घेऊन सर आमच्या अंगणात आले.

"भाऊ, याले बी तेच फुगे बसवून द्या ना. साहेब मांजरीचं विचारून राह्यले."

बाबांनी जाळ्यातून मानही वर केली नाही.

"माही पोरगी आता तुमच्या रांगेत कुठी हाये, सर? मंग मी काऊन बसवू?"