मुरलेलं पाणी

शरदचंद्र पेंडसे यांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ती आधी उघडली जाते. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात सारी नोकरी दुरुस्तीत गेली, आणि निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला घर तेवढं उरलं. चांगला चालणारा पंखा ते उतरवतात, तेल देऊन पुन्हा चढवतात, आणि मग तो कुरकुरायला लागतो. आमच्या या हिंदी मुलखातल्या गावात, लक्ष्मी ताल या तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत सगळे त्यांना ‘पेंडसेजी’ म्हणतात. आम्ही शेजारची मराठी मंडळी काका म्हणतो.

लोखंडाने त्यांचा हात सोसला. झाडांनी नाही. गेल्या वर्षी लावलेली तुळस मुळं धरते आहे की नाही, हे पाहायला त्यांनी ती दोनदा उकरली. तिसऱ्यांदा उकरायची वेळच आली नाही.

“तुमच्या हाताला लोखंड कळतं हो,” उषाकाकू रिकामी कुंडी उचलता उचलता म्हणाल्या. “ज्याला जीव आहे त्याला लांबूनच नमस्कार करत जा.”

काकू हसत होत्या. काका हसले नाहीत.

पुढे थंडी सरता सरता ते कूलरच्या पंपासाठी बड़ा बाज़ारात मुकेशच्या दुकानी गेले. मुकेश पंप विकतो, आणि मागच्या बाजूला रंगीत मासेही. पंप बांधून होईपर्यंत काका कोपऱ्यातल्या एका लहान टाकीसमोर उभे राहिले. आत नखाएवढे लाल जीव शेवाळावर बसून दोन्ही हातांनी काहीतरी वेचून तोंडात घालत होते, न थांबता.

“ये क्या हैं भैया, कीड़े?”

“झींगे हैं बाउजी, मीठे पानी वाले. पालने में एक ही मेहनत है.”

“क्या?”

“कुछ मत करो.”

काका त्या दिवशी पंप दुकानातच विसरून आले.

“कोळंबी?” उषाकाकूंनी पोळी तव्यावरच सोडली. “आपल्या घरात?”

“खायला नाही गं. बघायला.”

“तेच म्हणते मी. खाणारे निदान एकदाच मारतात.” मग पोळी उलटून त्यांनी अट घातली. “आणा. पण ही मेली ना, तर यापुढे या घरात जिवंत म्हणून काही येणार नाही. तुम्ही आणि मी, बस्स.”

काकांनी मान डोलावली. अट त्यांना मान्य होती, आणि तिची भीतीही वाटत होती.

बैठकीत उन्हापासून दूर, भिंतीतल्या दगडी फळीवर काचेची टाकी आली. तळाला बारीक काळी वाळू, उकळून घेतलेला लाकडाचा एक तुकडा, हवेच्या पंपाला जोडलेला स्पंजाचा फिल्टर. लाकडावर शेवाळ दोऱ्याने बांधायचं होतं. काकांच्या जाड बोटांना ते जमेना, तेव्हा काकूंनीच सुई-दोऱ्याचा डबा काढला आणि वेणीत फुलं गुंफावीत तसं ते गुंफून दिलं. गच्चीवर बादलीत नळाचं पाणी उघडं ठेवून त्यातला क्लोरीनचा वास उडवला. टाकी भरली. आणि मग काहीच नाही.

“पानी पकने दो,” मुकेशने बजावलं होतं. गाळ खाणारे डोळ्यांना न दिसणारे जंतू त्या स्पंजात, वाळूत वस्तीला आले की मगच झींगे सोडायचे. आणि माशांचं औषध त्यात कधी घालायचं नाही. “उसमें तांबा होता है, बाउजी. इनके लिए तांबा मतलब ज़हर.” काकांनी घरी येऊन पंपाची वायर दोनदा तपासली. तांब्याची उघडी तार कुठेच नव्हती.

“म्हणजे लोणच्यासारखं मुरू द्यायचं,” काकूंनी आपल्यापुरता अर्थ लावला.

काका रोज सकाळी चहा घेऊन त्या नुसत्या पाण्यासमोर बसत. कधी फिल्टर किंचित तिरका वाटे, कधी लाकूड. तेव्हा ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरत. समोरच्या घरातले तानाजीराव मूळचे रत्नागिरीचे. एकदा त्यांनी हे पाहिलं.

“पेंडसे, नुसतं पाणी काय बघताय?”

“मुरतंय.”

“वाटण तयार ठेवायला सांगू का घरी?”

“तुमच्या दातात अडकतील एवढीशी आहेत ती, तानाजीराव,” आतून काकूंचा आवाज आला. “चहा घ्या गुमान.”

होळीच्या आधी झींगे आले. पिशवीतून एकदम टाकीत सोडायचे नव्हते. काकांनी पिशवी एका वाडग्यात रिकामी केली, बारीक नळीला गाठ मारली आणि टाकीतलं पाणी थेंबथेंब त्या वाडग्यात पडू दिलं. सगळी दुपार ते शेजारी बसले. गाठ सैल करावी असं शंभरदा मनात आलं असेल. केली नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकूंची हाक ऐकून आम्हीही धावलो. वाळूवर एक झींगा निपचित पडला होता, अगदी पारदर्शक. काकांनी बाही वर सारली, मग थांबले आणि मुकेशला फोन लावला.

“मरा नहीं है बाउजी. कपड़े बदले हैं उसने.”

“कात टाकली होय मेल्याने!” काकू मटकन खुर्चीत बसल्या. त्या दिवसापासून टाकीसमोर दुसरी खुर्चीही आली. एका मादीच्या पोटाशी पिवळसर अंडी प्रथम दिसली ती काकूंनाच. तिचं नाव त्यांनी लेकुरवाळी ठेवलं.

पाडव्यानंतर ऊन तापलं. पाणी गार राहावं म्हणून काकांनी टाकीवर लहान पंखा लावला, तसं पाणी उडून रोज थोडं खाली जाऊ लागलं. तेवढ्यात ग्वाल्हेरला पुतण्याचं लग्न निघालं. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून काका एकटेच गेले. जाताना म्हणाले, “पाणी उतरलं तर गच्चीवरच्या बादलीतलं घाल. लोटाभर. हळू.”

परत आले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

“मी काही केलं नाही हो. नुसतं पाणी घातलं. सकाळपासून ती अशीच...”

टाकीत कोणी काही वेचत नव्हतं. काही झींगे आडवे पडले होते, पांढुरके झालेले. ही कात नव्हती. बाकीचे काचेला लागून वर चढायचा प्रयत्न करत होते. काकांनी फिल्टर पाहिला, पंखा पाहिला. दोन्ही चालू होते. प्रवासाची तहान होती म्हणून ते स्वयंपाकघरात गेले, कळशीतून पाणी घेतलं आणि तोंडाशी नेलेलं भांडं तसंच खाली ठेवलं. तांब्याची कळशी पाडव्याला चिंचेने घासलेली, नव्यासारखी झळझळत होती.

“उषा, पाणी कुठलं घातलंस?”

“बादलीत कावळा चोच बुडवत होता. ते कसं घालणार? मी आपलं कळशीतलं घातलं. रात्रभर ठेवलेलं. आपण पितो ते.” बोलता बोलता त्यांचं लक्ष काकांच्या नजरेकडे गेलं. मुकेशचं तांब्याचं बोलणं काकांनी जेवताना सांगितलं होतं. ते त्यांना आत्ता आठवलं असावं. त्या ओट्याला टेकल्या.

काकांनी काचेची एक नवी बरणी धुऊन घेतली, बादलीतलं पाणी फडक्याने गाळून त्यात भरलं, चहाच्या गाळणीने हलणारा एकेक झींगा उचलून बरणीत सोडला. शेवटी सापडली लेकुरवाळी, लाकडाच्या मागे. अंडी पोटाशी धरूनच होती. मग टाकीतलं पाणी ते लोटा लोटा उपसू लागले.

“बोला ना काहीतरी,” काकू मागून म्हणाल्या. “तुमच्या हातून झालं असतं तर मी सोडलं असतं का?”

“नसतं सोडलं.”

“मग?”

काकांनी लोटा शेजारच्या दुसऱ्या बादलीत रिता केला. “तुळस उकरत होतो ना, तेव्हा मलाही वाटत होतं की तिचं बरंच करतोय.”

काकूंनी पदराने डोळे टिपले, आणि दुसरा लोटा घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

टाकी पुन्हा भरून पुन्हा मुरायला ठेवली. बरणीतले सगळे जगले नाहीत, पण थोडे जगले. टाकीत परतल्यावर वैशाखात एका सकाळी शेवाळात पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. मग आणखी एक. लेकुरवाळीच्या पोटाशी अंडी उरली नव्हती.

“अट मोडली खरं तर,” काकू म्हणाल्या. “मेलीच की काही.”

“काही. सगळी नाही.”

पाणी बोटभर उतरलं होतं. गच्चीवरच्या बादलीवर आता जाळी आहे, आणि तिच्याजवळ स्टीलचा एक लोटा ठेवलेला असतो. काकांनी तो भरून आणला आणि काकूंपुढे धरला.

“मी नाही. मी हात लावणार नाही आता.”

“तूच घाल. हळू.”

काकूंनी लोटा काचेला टेकवला. पाण्याची धार इतकी बारीक सोडली की वर तरंगसुद्धा उठला नाही. शेजारच्या खुर्चीत काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

“झालं,” लोटा खाली ठेवत काकू म्हणाल्या. “काढा आता ते हात. मुंग्या येतील.”