मास्तरांचा इंग्रजी ठेका

"सम कुठंय, ते दाखव आधी," असं म्हणत मास्तर गुडघ्यावर बोटं वाजवायचे. समोर भजन असो, सिनेमाचं गाणं असो, नाहीतर माझ्या आईच्या शिलाई मशीनची खडखड असो.

मास्तर म्हणजे आमच्या मदन महाल वस्तीतल्या मराठी मंडळाचे तबलजी. त्या उन्हाळ्यात मी अठरा वर्षांची होते आणि रॉकस्टार होते. हे दुसरं फक्त मलाच ठाऊक होतं. बाबांच्या जुन्या पँटला शिंप्याकडून खाली घेर लावून घेतला होता. गिटारचे तीन कॉर्ड यायचे; डोळे मिटले की चौथा आपोआप येईल, असा समज होता. रेडिओच्या खरखरीतून इंग्रजी गाणी ऐकायची आणि वहीत देवनागरीत उतरवायची. अर्थ गेला उडत!

मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवात त्यातलं एक गाणं म्हणायचं मी ठरवलं. ड्रम कुठून आणणार? मास्तरांना गाठलं.

दोन दुपारी ते घामाघूम होऊन रेडिओला कान लावून बसले. मग वैतागले. "काहून गं, हे लोक पहिल्या मात्रेची सम सोडून दोनवर अन् चारवर हाणून राहिले?"

"तेच तर रॉक आहे, मास्तर!" मी म्हणाले, जणू शोध माझाच.

"अच्छा. मग तसं हाणू."

मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांना बजावलं, "मास्तर, हा धिंगाणा झाला तर गणपतीत तबल्यावर दुसरा बसेल." ती बैठक कित्येक वर्षं मास्तरांची होती, आणि त्यांना तिचा केवढा अभिमान! तरी म्हणाले, "चलो, बघू."

बायका पन्ह्याचे पेले घेऊन बसल्या होत्या. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला मी ऐटीत डोळे मिटले. चौथा कॉर्ड सोडाच, शब्दही गेले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डग्गा घुमवत असे सुटले, की बायकांनी पेले खाली ठेवून टाळ्या धरल्या. बरोबर दोनवर, चारवर, बांगड्यांसकट. मला शब्द सापडेपर्यंत त्यांनी तो ठेका खाली पडू दिला नाही.

तरी गणपतीत तबल्यावर दुसराच बसला. मास्तर प्रेक्षकांत. मी रडत त्यांच्यापाशी गेले.

"माझ्यामुळं झालं, मास्तर."

"तुझ्यामुळं? बसलो मी, वाजवलं मी. श्रेय तू काहून घेऊन राहिली?"

पुढच्या वर्षी मंडळानंच त्यांना मानानं परत बसवलं.

मास्तरांना जाऊन आता खूप वर्षं झाली. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, खाली लिहिलंय 'तबलावादक'. मी शेजारी पेन्सिलीनं 'आणि ड्रमर' असं लिहिलं. कुणीतरी पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. परवा नातीच्या दप्तरातला पक्क्या शाईचा मार्कर पळवला आणि ठळक लिहून आले.

आता पुसा म्हणावं.